माळ्यावर गॅसबत्तीचे जुने मॅन्टल सापडले, काउंटर धरला तर टिकटिक! हे मोनाझाइटमधलं थोरियम का?

माडाखालचा
नमस्कार मंडळी. मालवणजवळचं आमचं जुनं घर यंदा उतरवायला काढलंय. माळा रिकामा करताना आजोबांच्या दोन पितळी गॅसबत्त्या सापडल्या आणि सोबत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मॅन्टलची पाकिटं, मोजली तर ३१ भरली. आजोबा भजनाला, दशावताराला, लग्नकार्याला बत्त्या भाड्याने द्यायचे. भाचा इंजिनियरिंगला आहे, त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या गायगर काउंटरचं किट जोडलंय, ते सहज म्हणून डब्याजवळ नेलं तर यंत्र थांबायलाच तयार नाही. घरात एरवी मिनिटाला २०-२५ टिकटिक, डब्यावर धरलं की सातशे-आठशे. आईने ताबडतोब डबा अंगणात तुळशीपलीकडे नेऊन ठेवायला लावला. भाचा म्हणतो यात थोरियम हा किरणोत्सर्गी धातू असतो आणि तो केरळच्या वाळूतल्या मोनाझाइट नावाच्या खनिजातून काढतात. खरं आहे का? आणि मुख्य म्हणजे हे घरात ठेवावं की टाकावं, टाकायचं तर कसं? आजोबांनी उभा जन्म ही पाकिटं हाताळली, त्यामुळे थोडी धाकधूक आहे.

वरातीतला
गॅसबत्ती म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे डोक्यावर बत्ती घेऊन वरातीच्या दोन्ही बाजूंनी चालणारी माणसं येतात. तो फुस्स आवाज, रॉकेलचा वास आणि भोवती गोळा झालेले पावसाळी किडे. बाकी तुमच्या प्रश्नाचं उत्तर जाणकार देतील, मी इथे बसून वाचतो.

रसायनी
भाच्याचं बरोबर आहे. मॅन्टल म्हणजे कापडाची जाळीदार पिशवी, थोरियम नायट्रेटच्या द्रावणात बुडवून वाळवलेली. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि मागे उरतो थोरियम ऑक्साइडचा नाजूक सांगाडा, म्हणून तर पेटवून झालेल्या मॅन्टलला बोट लागलं की भुगा. ही युक्ती ऑस्ट्रियाचा रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याची. १८८५ चा त्याचा पहिला मॅन्टल हिरवट उजेडाचा होता, फारसा चालला नाही. १८९१ मध्ये त्याने ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण बसवलं आणि मग शहरंच्या शहरं उजळली. नुसतं थोरियम ऑक्साइड तापवलं तर उजेड मिणमिणता पडतो, ती सेरियमची चिमूट खरा उजेड देते आणि थोरियमचं काम त्या आचेत टिकून राहण्याचं, त्याचं ऑक्साइड वितळायला ३३०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. पुष्कळांना वाटतं की मॅन्टल किरणोत्सर्गामुळे चमकतो, तसं अजिबात नाही, उजेडाचा आणि किरणोत्सर्गाचा काडीचा संबंध नाही.

आता धोक्याचं. थोरियममधून मुख्यतः अल्फा कण निघतात, ते कागदात अडकतात, कातडीच्या वरच्या मृत थरातही अडकतात. पाकिटातला मॅन्टल हातात घेतल्याने काही होत नाही. पण हीच धूळ श्वासातून किंवा तोंडातून आत गेली तर गोष्ट वेगळी, कारण आत मृत कातडीचा पडदा नाही. १९३० च्या दशकापासून पन्नाशीपर्यंत थोरोट्रास्ट नावाचं थोरियम ऑक्साइडचं द्रावण एक्स-रे नीट दिसावा म्हणून रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत टोचायचे. ते यकृतात जाऊन बसायचं आणि बाहेर पडायचंच नाही, वीस-तीस वर्षांनी त्या माणसांना यकृताचे कॅन्सर झाले. मॅन्टलची तुलना त्याच्याशी करायची नाही, पण आत आणि बाहेर यातला फरक कळावा म्हणून सांगितलं.

माडाखालचा
बाप रे. म्हणजे फुटलेली पाकिटं असतील तर? दोन-तीन पाकिटांत मॅन्टल चुरगळून पूड झालेली दिसतेय.

रसायनी
ती झाडूने झटकू नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं आणि ती पाकिटं झिपवाल्या जाड पिशवीत घाला, हात साबणाने धुवा, बस. आणि काहीही झालं तरी शेकोटीत टाकू नका.

तुर्भेकर
अणुऊर्जा क्षेत्रात तीस वर्षं काढून निवृत्त झालोय, म्हणून थोडी भर घालतो. डबा इतका वाजतोय त्याला त्याचं वय कारणीभूत आहे. ताज्या शुद्ध केलेल्या थोरियममधून त्याची रेडियमसारखी पिलावळ (थोरियमचे अणू फुटून तयार होणारे पदार्थ) रासायनिक क्रियेत वेगळी काढलेली असते, त्यामुळे पहिली काही वर्षं किरणोत्सर्ग उलट कमी होत जातो, मग पावणेसहा वर्षं अर्धायुष्य असलेलं, म्हणजे तेवढ्या काळात निम्मं होणारं, रेडियम-२२८ हळूहळू परत साचायला लागतं आणि त्याच्या मागोमाग बीटा-गॅमा किरण देणारी बाकीची साखळी. चाळीस वर्षांत ही साखळी जवळजवळ पूर्ण भरून येते. भाच्याच्या नळीला अल्फा बहुधा कळतच नसतील, ती ऐकतेय ते या पिलावळीचे बीटा आणि गॅमा.

अंदाज यावा म्हणून आकडा सांगतो. एका मॅन्टलमध्ये साधारण पाव ग्रॅम थोरियम धरलं तर सेकंदाला हजारेक अणू फुटतात. ऐकायला जास्त वाटतं, पण थोरियमचं अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षं आहे, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या तिप्पट, इतक्या संथ पदार्थाकडून याहून जास्त अपेक्षा करता येत नाही. साखळीत थोरॉन नावाचा वायूही येतो, त्याचं अर्धायुष्य ५५-५६ सेकंद. म्हणून डबा बंद कपाटात, उशाशी ठेवू नका, मोकळ्या हवेच्या जागी ठेवा. आईंनी तुळशीपलीकडे नेला ते चांगलंच केलं, आता फक्त पावसात भिजणार नाही असा ठेवा.

गावठाण
माका आठवता, दशावताराक रात्रभर गॅसबत्ती जळायची आणि मध्येच मॅन्टल फुटलो की राजाचा भाषण अर्ध्यार थांबायचा. बत्तीवाल्याक त्या वेळेक राजापेक्षा मोठो मान!

माडाखालचा
गावठाण, तो बत्तीवालो म्हणजे आमचे आजोबाच असतले!

टिगवाला
भोसरीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आमच्याकडे टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन रॉडमध्ये दोन टक्के थोरियम असतं हे मला कामाला लागून सात वर्षं झाल्यावर कळलं, तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. थोरियममुळे आर्क पटकन लागतो आणि टोक जास्त टिकतं. रॉड हातात धरण्याने, वेल्डिंगने काही नाही, भानगड आहे ती ग्राइंडरवर टोक काढताना, ती धूळ सरळ नाकात. मी आता सगळ्या पोरांना लँथेनमवाले रॉड दिलेत, स्टेनलेसला फरक काहीच वाटत नाही. जे कोणी अजून लाल टोकावर आहेत त्यांनी निदान ग्राइंडरला सक्शन लावा आणि मास्क घाला, हे मी कळकळीने सांगतोय.

खडीसाखर
+१. घरातल्या मायक्रोवेव्हच्या मॅग्नेट्रॉनमध्येही थोरियम मिसळलेल्या टंगस्टनची तार असते असं वाचलंय, बरोबर ना?

तुर्भेकर
बरोबर. ती मॅग्नेट्रॉनच्या आत निर्वात पोकळीत बंद असते, अगदी थोडी. ओव्हन फोडून बघायला जाऊ नका, तिथे थोरियमपेक्षा हाय व्होल्टेजचा कपॅसिटर जिवावर बेततो.

जुनी_काच
मग मीही माझं सांगून टाकतो. मला जुन्या कॅमेऱ्यांचा नाद. पेंटॅक्सची सुपर टाकुमार ५० एमएम १.४ ही लेन्स चोर बाजारातून घेतली, बघतो तर काच चहासारखी पिवळी. मला वाटलं बुरशी लागली. नंतर कळलं की काचेत थोरियम ऑक्साइड घालायचे, त्याने काचेचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, वाढतो पण रंग कमी फाकतात, आणि वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गाने काच आतून पिवळी पडते. आठवडाभर अतिनील दिव्याखाली ठेवली आणि पिवळेपणा जवळपास गेला! फोटो असे सुंदर येतात की काढून टाकायची इच्छाच होत नाही.

चवराकडची
मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर गेली अकरा वर्षं केरळातल्या कोल्लममध्ये. आमच्यापासून चवरा जवळ आहे, तिथला किनारा बघितल्याशिवाय मोनाझाइट कळणार नाही. वाळू काळी असते, इथे तिला करिमणल म्हणतात, उन्हात पाय ठेववत नाही. काळा रंग इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाचा. मोनाझाइटचे कण त्यात मधासारखे पिवळसर-तपकिरी, चिमूटभर वाळू भिंगाखाली घेतली तर दिसतात.

इथे लोक पिढ्यान्पिढ्या राहतात, मासेमारी करतात, पोरं याच वाळूत खेळतात. मला पहिल्या वर्षी फार भीती वाटायची, मूल होणार होतं तेव्हा तर जास्तच. मग सासऱ्यांनी करुणागप्पळ्ळीच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरने त्या तालुक्यातल्या जवळपास ७० हजार लोकांचा सरासरी साडेदहा वर्षं मागोवा घेतला, काही घरांभोवती किरणोत्सर्ग नेहमीच्या कितीतरी पट, तरीही कॅन्सरचं प्रमाण त्यामुळे वाढलेलं दिसलं नाही. २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मुलगी आता नऊ वर्षांची आहे, धडधाकट.

निशाचर
म्हणजे किरणोत्सर्ग चांगला असतो असं म्हणायचंय का? ब्राझीलला ग्वारापारी नावाच्या गावी तर लोक अशाच वाळूत संधिवात बरा व्हावा म्हणून लोळतात.

चवराकडची
नाही हो, चांगला असतो असं मी कुठे म्हटलं. त्या अभ्यासात वाढ दिसली नाही एवढंच. संधिवाताचं मला काही पटत नाही, गरम वाळूत पाय पुरले की कुठल्याही किनाऱ्यावर बरं वाटतं.

रसायनी
आणि तो अभ्यास बाहेरून मिळणाऱ्या मंद, रोजच्या डोसबद्दल आहे. धूळ आत जाण्याबद्दल त्यावरून काही ठरवू नये. टिगवाल्यांची सूचना तशीच्या तशी लागू.

काळा_कातळ
भूगोल-भूगर्भ शिकवतो म्हणून राहवत नाही. कोकणातही काळी वाळू आहे, रत्नागिरीच्या आसपास इल्मेनाइटचे साठे आहेतच, मग आपल्याकडे मोनाझाइट का नाही हा प्रश्न दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतो. उत्तर दगडात आहे. आपल्या नद्या सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजवून आणतात, बेसॉल्टमध्ये लोह आणि टायटॅनियम भरपूर, त्यामुळे इल्मेनाइट, मॅग्नेटाइट मिळतं. थोरियमला बेसॉल्ट आवडत नाही, ते ग्रॅनाइट, पेग्मटाइट, जुने नाइस अशा दगडांत जमतं, आणि ते दगड केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या मागे उभे आहेत. मोनाझाइट जड, पाण्याच्या पाचपट, आणि चिवट. दगड कुजून माती झाला तरी हा कण तसाच राहतो, नदी समुद्रापर्यंत आणते आणि लाटा हलकी वाळू ओढून नेऊन जड कण मागे ठेवतात. सुपात धान्य पाखडतात ना, समुद्र हजारो वर्षं तेच करतोय.

नावही छान आहे. ग्रीकमध्ये एकटं राहणं या अर्थाच्या शब्दावरून मोनाझाइट, कारण ज्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्यांना त्याचे स्फटिक सुटे-सुटे, विरळ सापडले होते. भारताच्या किनाऱ्यावर हाच एकलकोंडा सव्वा कोटी टनांच्या आसपास आहे!

आणि आपल्याकडे तो सापडला तो काथ्यामुळे. त्रावणकोरहून जर्मनीला काथ्या जायचा, त्याला चिकटलेल्या वाळूत १९०९ मध्ये शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला मोनाझाइट दिसलं. तेव्हा जगभर मॅन्टलसाठी थोरियम हवं होतं, मनवलाकुरिचीला लगेच वाळू उपसायला सुरुवात झाली. म्हणजे माडाखालचा, तुमच्या आजोबांच्या डब्यातल्या वस्तूसाठीच तो सगळा खटाटोप.

वरातीतला
काथ्याला चिकटलेल्या वाळूतून! हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या घरी अजून काथ्याचं पायपुसणं आहे, आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघणार.

स्वयंप्रकाश
सगळं ठीक, पण मूळ मुद्द्याला कोणी हातच घालत नाही. इतकं थोरियम आपल्याकडे असताना सत्तर वर्षं आपण कोळसा जाळतोय! होमी भाभांनी पन्नासच्या दशकात थोरियमवर अणुवीज काढण्यासाठी तीन टप्प्यांची योजना मांडली होती. शेकडो वर्षांची वीज पायाखाली पडलीय आणि मुद्दाम कोणीतरी होऊ देत नाही असं मला वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते सगळंच खोटं नसतं.

तुर्भेकर
तुमची तळमळ समजते, माझीही तीच आहे, पण मुद्दाम अडवलंय हे पटत नाही. अडचण थोरियमच्या स्वभावात आहे. थोरियम-२३२ स्वतः इंधन नाही, त्यात अणू फुटण्याची साखळी अभिक्रिया पेटत नाही. त्याने एक न्यूट्रॉन गिळला की ते प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं, त्याला २७ दिवसांच्या अर्धायुष्याने युरेनियम-२३३ व्हायला वेळ लागतो, आणि खरं इंधन ते. म्हणजे ओलं लाकूड आहे, आधी दुसऱ्या आगीवर वाळवायला लागतं. ती दुसरी आग म्हणजे युरेनियम किंवा प्लुटोनियम, म्हणून तर पहिला टप्पा जड पाण्याच्या अणुभट्ट्यांचा, दुसरा फास्ट ब्रीडरचा (जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणारी भट्टी) आणि मग तिसरा थोरियमचा. आपल्याकडे युरेनियम कमी, परदेशातून मिळणं १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर २००८ पर्यंत जवळपास बंद होतं, त्यामुळे पहिलाच टप्पा रखडला. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या फास्ट ब्रीडरचा गाभा भरायला सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये.

दुसरी अडचण जास्त चिवट. युरेनियम-२३३ सोबत थोडं युरेनियम-२३२ तयार होतंच, त्याच्या साखळीच्या शेवटाजवळ थॅलियम-२०८ येतं आणि ते २६ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा कडक गॅमा सोडतं. त्यामुळे हे इंधन हाताने बनवता येत नाही, जाड भिंतीआडून यंत्राच्या हातांनी बनवावं लागतं. गंमत म्हणजे हाच थॅलियम तुमच्या मॅन्टलच्या डब्यातही आहे, कारण साखळी पुढे एकच होते.

पण काहीच केलं नाही असंही नाही. कल्पाक्कमला कामिनी नावाची ३० किलोवॅटची छोटी भट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वर चालली आहे. तिच्यातून वीज नाही काढत, न्यूट्रॉनने वस्तूंचे फोटो काढतात. काकरापारला सुरुवातीच्या इंधनात थोरियमचे बंडल घातले होते. मी या कामाच्या कडेकडेने आयुष्य घालवलंय, वेग कमी पडला याचं मलाही वाईट वाटतं, पण ज्यांनी केलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

स्वयंप्रकाश
ओलं लाकूड हे पटलं. इतकं सोपं करून आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तरी अमेरिकेने शिपिंगपोर्टला १९७७ ते ८२ थोरियमवर वीज काढून दाखवली होती, आता चीन गान्सूमध्ये वितळलेल्या क्षारांची भट्टी चालवतोय, आपण मागे पडू नये एवढंच माझं म्हणणं. मुद्दाम अडवलंय हे मागे घेतो.

पेठकर
थोरियमच्या नादात मोनाझाइटमधला मोठा हिस्सा विसरताय. थोरियम ऑक्साइड त्यात आठ-दहा टक्के, उरलेल्यात निम्म्याहून जास्त दुर्मिळ मृदा धातू, सेरियम, लँथेनम, निओडिमियम वगैरे. इलेक्ट्रिक स्कूटरची मोटर, स्पीकर, पवनचक्की सगळीकडे निओडिमियमचे चुंबक. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा आमच्या चाकणच्या पुरवठादारांची झोप उडाली होती. आणि लायटरचा खडा? तोही सेरियमचा, त्याच वेल्सबाखने शोधलेला.

काळा_कातळ
आणि हेलियम! अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रक, ते कोट्यवधी वर्षं मोनाझाइटच्या कणात अडकून बसतं. १९०८ मध्ये लायडनला कामरलिंग ओनेसने जगात पहिल्यांदा हेलियम द्रवरूप केला तो नॉर्थ कॅरोलायनाच्या मोनाझाइट वाळूतून काढलेला होता.

खडीसाखर
विषय निघालाच आहे तर सांगते, आमच्या एका नातेवाइकाने राइस पुलरमध्ये साडेचार लाख घालवले. तांब्याचं जुनं भांडं, वीज पडल्यामुळे किरणोत्सर्गी झालेलं, तांदूळ ओढून घेतं, परदेशी संस्था कोट्यवधी देते, फक्त तपासणीची फी तुम्ही भरा. शास्त्रज्ञ म्हणून पांढरे सूट घातलेली माणसं आली होती, हातात कसलं तरी वाजणारं यंत्र. तुमच्या भाच्याचं काउंटर वाचून तेच आठवलं. काका त्या धक्क्यातून अजून सावरलेले नाहीत. कृपा करून कोणी किरणोत्सर्गी वस्तू मौल्यवान असते म्हणून सांगत आलं तर पोलिसांकडे जा.

तुर्भेकर
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. वीज पडून तांबं किरणोत्सर्गी होत नाही, आणि किरणोत्सर्गी वस्तू तांदूळ ओढत नाही. तांदळात आधी लोखंडाचे कण भरून खाली चुंबक लपवतात. आणि मोनाझाइटसारखी खनिजं अणुऊर्जा कायद्याखाली येतात, त्यांचा असा दारोदार व्यवहार नसतोच.

निशाचर
मूळ प्रश्न राहिला की. माडाखालचा, डब्याचं काय केलंत?

माडाखालचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल केलं ते सांगतो. चुरगळलेली तीन पाकिटं ओल्या फडक्याने उचलून दुहेरी पिशवीत घातली. बाकी २८ तशीच काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून, वर थोरियम, पेटवू नये अशी चिठ्ठी चिकटवून पडवीपलीकडच्या लाकडाच्या खोपीत उंच फळीवर ठेवली, तिथे कोणी झोपत-बसत नाही. भाच्याने मोजलं, बरणीपासून दोन हात लांब गेलं की काउंटर परत २०-२५ वर. आईने स्वतः तो आकडा बघितला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिने सांगितलं की आजोबा मॅन्टल बांधताना कुणालाच जवळ येऊ द्यायचे नाहीत, तोंडाला पंचा बांधायचे, राख उडते म्हणून. त्यांना थोरियम माहीत असायचं कारण नाही, फक्त खोकला नको असायचा. ८७ व्या वर्षी गेले.

आता एकच राहिलं. नवीन घराच्या वास्तुशांतीला दोन्ही बत्त्या चिंच लावून घासून पेटवायच्या असं आईच्या मनात आहे. हे मॅन्टल वापरायचे नाहीत हे ठरलं. थोरियम नसलेले मिळतात का?

रसायनी
मिळतात, यट्रियमवाले. पाकिटावर थोरियममुक्त लिहिलेलं बघून घ्या. उजेड किंचित कमी वाटेल.

टिगवाला
आणि घेतल्यावर भाच्याला काउंटर लावायला सांगा, पाकिटावरच्या अक्षरांपेक्षा त्यावर माझा जास्त विश्वास.

गावठाण
वास्तुशांतीक बत्ती पेटली की फोटो टाक रे. आणि पंप कोण मारता ता पण सांग.